उद्घाटनाआधीचं बाळंतपण

शहरात बाळंतपणाचे डॉक्टर इतके, की एका जिन्यात तिघं एकमेकांना धडकतात आणि पेशंट कुणाची यावर नाणं उडवतात. आमच्या गावात औषधालाही एक नाही. पोटातल्या पोरांनाही हे ठाऊक. रस्ता बरा असेल तोवर ती बिचारी आतच दम धरतात. खोटं वाटत असेल तर नर्सबाईंना विचारा.

तर गावात बाळंतपणाची नवी खोली बांधून झाली. फीत कापायला शहरातल्या नामांकित डॉक्टरीणबाई येणार होत्या. दवाखान्याच्या समितीचे अध्यक्ष अण्णा यांनी खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली खिशात टाकली आणि गाडी घेऊन बाईंना आणायला गेले. जाताना नर्सबाईंना बजावलं, "फीत कापेपर्यंत आत माशीसुद्धा जाता कामा नये."

माशी काही गेली नाही. अण्णांच्या सुनेला मात्र कळा सुरू झाल्या, त्यात रक्त जाऊ लागलं. नर्सबाईंनी त्या कुलपाला दोन कचकचीत शिव्या दिल्या, सुनेला रुग्णवाहिकेत घातलं आणि शहराची वाट धरली.

गावाबाहेरच्या अरुंद पुलावर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या.

"मागे घ्या ती गाडी," अण्णा खिडकीतून म्हणाले. "प्रमुख पाहुण्या आहेत आत."

नर्सबाई खाली उतरल्या. "आमच्यात तुमची सून आहे, अण्णा. बोला, कुणी मागे घ्यायची?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई रुग्णवाहिकेत चढल्याही. सुनेला तपासून म्हणाल्या, "शहर गाठायला वेळ नाही. गावात घ्या."

खोली उघडली. फीत कुणाच्या पायात अडकून तुटली, कुणी पाहिलं नाही. मुलगी झाली. बऱ्याच खटपटीनं रक्त थांबलं.

अण्णा हात जोडून पुढे आले. "बाई, तुम्ही नसतात तर..."

"हात जोडू नका हो," बाई नळाखाली हात धूत म्हणाल्या. "इथल्या जागेवर मागे माझीच नेमणूक झाली होती. ओळखी लावून रद्द करून घेतली. म्हटलं, आडगावात कोण कुजत पडेल."

नळ चालूच राहिला.

"आजची रात्र हिच्यावर नजर ठेवायला हवी," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "पुन्हा रक्त गेलं तर इथे मी आहे नि फोन आहे. बाकी काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी आपल्याला शहरात सोडायला थांबलेल्या ड्रायव्हरला घरी जायला सांगितलं. "थांबते," त्या फरशीकडे बघत म्हणाल्या. "आज."

उद्याचं काय, असं अण्णांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारणार कुठल्या तोंडानं?