रकाना नसलेली वेळ

शिट्टी वाजली तेव्हा सगळे मासोळी म्हणत ती पोरगी अजून रेषेच्या अलीकडेच होती. दुसऱ्यांदा चुकली, म्हणजे बाद. फीतकाकांनी तक्त्यात तिच्यापुढे आकडा लिहिला तो असा दाबून, की कागदच फाटला.

क्रीडा वसतिगृहात बावीस वर्षं पोरापोरींच्या उड्या, फेकी आणि वेळा मोजून त्यांना हे नाव पडलं होतं. पण असला मूर्खपणा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. नव्या साहेबांना सगळ्यांना एकाच तराजूत तोलायचं होतं. नेमबाज असो, पैलवान असो की पोहणारी, प्रत्येकाने वीस मीटरवरच्या दोन रेषांमध्ये शिट्टीच्या तालावर धावायचं. शेवटच्या तिघांनी खोली सोडून घरी जायचं. मासोळी शेवटून पहिली होती. तलावात तिच्या जवळपास फिरकणारं कुणी नव्हतं, पण ते लिहायला तक्त्यात जागा नव्हती.

काका तडक साहेबांच्या खोलीत गेले. पोरीचे घोटे सैल आहेत, त्यांनी समजावलं. पाण्यात ते वल्ह्यासारखे चालतात म्हणूनच ती पुढे जाते, आणि जमिनीवर तेच लचकतात. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, दम तो दम. त्याला पाणी काय नि जमीन काय?"

"मग पैलवानाला तलावात ढकला, साहेब, आणि मोजा त्याचा दम."

साहेबांनी तक्त्याखालच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं. काकांनी सही केली नाही. मग साहेबांनी स्वतःच केली आणि काम झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा नाही म्हटलं, तर त्याने एक कागदसुद्धा अडला नाही. काकांच्या डोक्यात तिडीक गेली.

दुपारी मासोळी बॅग घेऊन फाटकापाशी वडिलांची वाट बघत उभी होती. काका तिच्यावरच खेकसले.

"पोहायचे कपडे कुठे ठेवलेस?"

"वरच आहेत."

"मग चल."

तलावावर चिटपाखरू नव्हतं. काकांनी घड्याळाचा खटका दाबला. चार फेऱ्या मारून तिने काठाला हात लावला, तेव्हा तिने स्वतःची आजवरची सगळ्यात चांगली वेळ दोन सेकंदांनी मागे टाकली होती. धापा टाकत तिने घड्याळात पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हे कुठे लिहायचं, काका?"

काकांनी तिला टॉवेल दिला. फाटकाबाहेर वडील आलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली तुकडी रेषेवर उभी राहिली. साहेब म्हणाले, घड्याळ शून्यावर आणा, सुरू करू.

"दुसरं आणा," काका म्हणाले.

"का? बिघडलंय?"

"नाही."

त्यांनी कालच्या वेळेवर थांबलेलं घड्याळ तसंच शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.