वर्लिनबाईंची भिशी

अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे आल्यापासून शैलाबाईंना एकाच गोष्टीचा जाच होता: मागण्याचा. मुलगा गिरीश सोन्यासारखा, सून राधिका त्याच्याहून एक माप सरस. दोघंही येता-जाता "आई, काही हवंय का?" विचारत, आणि नेमकं तेच दुखणं होतं. कराडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून स्वतःच्या पगारावर संसार ओढलेल्या बाईला आता साध्या चपलांसाठी मुलाच्या कार्डाकडे बघावं लागे.

शेजारी वर्लिनबाई राहत. कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावरून तरुणपणी आलेल्या आणि नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. बेटाचं नाव इथे घेण्यात अर्थ नाही, तिथले दोन्ही पक्ष भांडायला येतील. संध्याकाळी दोघी तळ्याभोवती फेऱ्या मारत आणि वर्लिनबाई तिकडच्या गोष्टी सांगत. निवडणूक आली की रस्त्यावर डांबर पडतं, मतमोजणी झाली की डांबराची गाडी अर्ध्या रस्त्यातून परत जाते. सिमेंटचं कंत्राट निघालं की मंत्र्याचा मेहुणाच नेमका सिमेंटवाला निघतो. कोंबडी महागली की लाल पक्ष हिरव्याला शिव्या देतो, सत्ता बदलते, आणि मग त्याच भावाच्या कोंबडीवरून हिरवा लालला शिव्या देतो. शैलाबाईंना हे ऐकताना अगदी माहेरी आल्यासारखं वाटे. त्यांनीही शाईची बाटली सांभाळत कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केली होती.

"टीचर," एके दिवशी वर्लिनबाई म्हणाल्या. त्यांच्या बेटावर शिक्षिका निवृत्त झाली तरी टीचरच राहते. "या हिवाळ्यात आमच्याकडे इलेक्शन होणार. मी मत द्यायला जाईन. बहिणीच्या घरात समुद्राकडची खोली रिकामी आहे. चल माझ्याबरोबर."

शैलाबाईंच्या मनाने तिथेच बॅग भरली. पण तिकिटाचं काय? गिरीशच्या कानावर घातलं असतं तर त्याने त्याच मिनिटाला काढलं असतं. मग इन्शुरन्स, औषधं, हवामान, आणि शेवटी "आई, त्यापेक्षा नेक्स्ट इयर आपण सगळेच क्रूझवर जाऊ." सहल त्याची झाली असती. शैलाबाईंना ती स्वतःची हवी होती.

"मग माझ्या बॉक्समध्ये ये," ही अडचण ऐकल्यावर वर्लिनबाई म्हणाल्या आणि बॉक्स म्हणजे काय ते समजावून सांगायला लागल्या. दहा माणसं. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम आणून द्यायची, सगळी रक्कम एकाने उचलायची, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. उचलायच्या पाळीला म्हणायचं 'हात'. कागद नाही, सही नाही, फक्त शब्द.

शैलाबाई जागच्या जागी थांबल्या. "अगं, ही तर आमची भिशी!"

पैशाची सोय होती. नोकरी करणाऱ्या मराठी घरांसाठी त्या आठवड्याच्या पोळ्या करून देत, ते पैसे डब्यात साठत होते. गिरीशने मात्र ऐकताच कपाळाला आठ्या घातल्या. "रिसीट नाही, ॲग्रीमेंट नाही? आई, धिस इज अ क्लासिक स्कॅम, यार."

"आईला यार म्हणू नकोस. शिक्षक कॉलनीची भिशी मी वर्षानुवर्षं चालवली, एक रुपया बुडाला नाही. बुडतात त्या तुमच्या बँका."

महिन्याच्या पहिल्या शनिवारी शैलाबाई चंदेरी साडी नेसून, बटाटेवड्यांचं पातेलं घेऊन वर्लिनबाईंकडे हजर झाल्या. भिशी म्हटली की बैठक आली, आणि बैठक म्हटली की खाणं आलं. इथे तर खुर्च्यासुद्धा मांडलेल्या नव्हत्या. माणसं एकेक करून येत, पोर्चमध्येच पाकीट देत आणि गाडीत बसून चालू पडत. शैलाबाईंना हे भलतंच कोरडं वाटलं. त्या दारात उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला आत ओढू लागल्या, "वडा खाल्ल्याशिवाय जायचं नाही." वर्लिनबाई मागून डोळे मोठे करत होत्या. शैलाबाईंना वाटलं, बिचारीला संकोच वाटतोय.

पुढच्या महिन्यात मंडळी उपाशी आली. त्याच्या पुढच्या महिन्यात खुर्च्या कमी पडल्या. आणि त्याच आठवड्यात तिकडे निवडणुकीची तारीख जाहीर झाली.

त्या शनिवारी ठिणगी पडली ती विमानतळावरून. डेझमंड नावाचे उंचेपुरे गृहस्थ आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, रक्ताने हिरवे. वडा चटणीत बुडवत ते म्हणाले, "आमच्या पक्षाने बांधलेल्या विमानतळावर उतरायला बरं वाटतं."

"बांधलेल्या?" युलाली ओरडल्या. शेजारच्या डरम गावात त्यांचं केस कापण्याचं दुकान होतं आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार होती. "पाया लाल पक्षाने घातला! तुम्ही नुसती फीत कापलीत!"

मग रस्ते निघाले, मेहुणे निघाले, परक्यांना पैसे घेऊन पासपोर्ट कोणी विकले तेही निघालं. पैसे दिले की पासपोर्ट मिळतो हे ऐकून शैलाबाईंना समोरच्या घरातल्या निमिषचं वर्षानुवर्षं रखडलेलं ग्रीनकार्ड आठवलं, पण बोलायची ही वेळ नव्हती. या महिन्याचा हात डेझमंडचा होता. युलालींनी टेबलावरचं आपलं पाकीट उचललं आणि पर्समध्ये टाकलं. "माझ्या पैशाने हा तिकीट काढणार आणि हिरव्याला मत देणार? जमायचं नाही."

"मग पुढच्या महिन्यात तुझा हात येईल तेव्हा माझेही विसर," डेझमंड म्हणाले. बाकीच्या लालवाल्यांनीही आपापली पाकिटं उचलली, हिरवे तावातावाने उठले. घर रिकामं झालं.

वर्लिनबाईंनी दार लावलं. "टीचर, इतकी वर्षं मी यांच्यातल्या एकेकाकडून पोर्चमध्येच पैसे घेतले. एकदाही आत बसवलं नाही. मला काय स्वयंपाक येत नाही?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! शैलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचं बेट बुडालं ते बुडालंच, वर मैत्रिणीने जन्मभर जपलेला बॉक्स आपल्या वड्यांनी फोडला. रिकामं पातेलं घरी नेताना त्यांना रडू आलं. पण रडून गणित सुटत नाही, हे त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डेझमंड आणि युलालींना आपल्या घरी बोलावलं, सोबत वर्लिनबाईंना. समोर फक्त चहा ठेवला. मग त्या उभ्या राहिल्या. फळा नव्हता, पण तो असल्यासारख्याच उभ्या राहिल्या.

"युलाली जाणार, एक मत लालला. डेझमंड जाणार, एक मत हिरव्याला. वजाबाकी करा. किती उरलं?"

दोघं वर्गातल्या पोरांसारखे एकमेकांकडे बघू लागले.

"शून्य. आणि दोघंही इथेच राहिलात तर?"

"शून्य," डेझमंड नाइलाजाने म्हणाले.

"मग शून्यासाठी बॉक्स कशाला मोडायचा? कोणीच जाऊ नका."

युलालींनी कप खाली ठेवला. "मी राहीन. पण हा गुपचूप गेला तर?"

"आणि ही?" डेझमंड उसळले. "हिचा काय भरवसा?"

शैलाबाईंना आता खरंच राग आला. "इतकी वर्षं एकमेकांच्या हाती हजारो डॉलर देता, कागदाशिवाय, सहीशिवाय! आणि एका मताचा भरवसा नाही?"

"पैसा पैसा असतो, टीचर," युलाली गंभीरपणे म्हणाल्या. "हे राजकारण आहे."

डेझमंडनी जोरात मान डोलावली. आदल्या दिवसापासून दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. वर्लिनबाई इतक्या मोठ्याने हसल्या की चहा सांडला. मग युलालीही हसल्या, आणि डेझमंडना एकट्याने गंभीर राहणं जमेना.

तेव्हा वर्लिनबाईंनीच निकाल दिला. कोणी कोणाच्या भरवशावर मागे राहायला तयार नाही, तर दोघांनी एकाच विमानाने जायचं, एकाच विमानाने परत यायचं, आणि दोघांच्या मध्ये असं माणूस बसवायचं ज्याला तिथे मतच नाही. तिघांच्या नजरा शैलाबाईंकडे वळल्या.

"पण माझा हात निवडणुकीनंतर येतो," शैलाबाई हळूच म्हणाल्या. एवढं सांगतानाही त्यांना मागितल्यासारखं वाटलं.

युलालींनी पर्समधून आपलं पाकीट काढलं आणि डेझमंडसमोर ठेवलं. "हे तुझ्या हाताचे. बाकीच्या लालवाल्यांचे मी आणून देते." मग शैलाबाईंकडे वळल्या. "पुढच्या महिन्यातला माझा तू घे, मी तुझा घेते. तिकिटापुरतं माझ्याकडे आहे. मला पैसे लागतात ते ख्रिसमसला बहिणीकडे सामानाचं पिंप पाठवायला. मेहेरबानी समजू नकोस, टीचर. बॉक्समध्ये असंच चालतं."

पुढच्या महिन्यात पोर्चमध्ये, एकेकाने, उभ्याउभ्या, पैसे जमले. शैलाबाईंनी ते पाकीट घरी आणलं आणि लॅपटॉप उघडून बसलेल्या गिरीशसमोर ठेवलं.

"तिकीट काढ. माझं."

गिरीशने पाकिटात डोकावून बघितलं. सगळी हकिगत ऐकून तो आधी हसला, मग पाकीट आईकडे सरकवत म्हणाला, "आई, हे राहू दे तुझ्याकडे. मी कार्डाने करतो ना."

"कार्डाने कर. पण हे घे. नाहीतर ती ट्रिप तुझी होईल."

गिरीशने लॅपटॉप बाजूला सरकवला. "तू मला नुसतं म्हणाली असतीस तरी मी पाठवलं असतं गं."

"ठाऊक आहे रे राजा," शैलाबाई म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हणून तर म्हटलं नाही."

त्याने पाकीट घेतलं. खिशात ठेवलं आणि फॉर्म भरायला घेतला. मग विचारलं, "सीट कुठली देऊ? विंडो?"

"मधली," शैलाबाई ऐटीत म्हणाल्या.