एका बैठकीत कॅप

मशीन विकायला आलेला टायवाला इतका बोलत होता, की डॉक्टरीणबाईंना वाटलं, आधी याच्याच तोंडात कापूस कोंबावा.

"मॅडम, पेशंट तुटकी दाढ घेऊन येणार नि जेवायच्या वेळेला कॅप बसवून घरी जाणार! तोंडात लगदा भरून माप घ्यायला नको, लॅबकडून कॅप बनवून आणायला नको, दुसरी खेप नको!"

दवाखाना नवरा-बायको दोघांचा. नवरा मशीनकडे उपाशी माणसाने ताटाकडे बघावं तसा बघत होता.

"घेऊनच टाकू या," तो म्हणाला. "माझ्या पेशंटांना एकही कॅप धड बसत नाही. लॅबवाल्याचा हातच जड आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाई पुटपुटल्या. त्यांच्या कॅपा त्याच लॅबमधून यायच्या आणि निमूट बसायच्या.

प्रात्यक्षिकाला दाढ हवी होती. सासऱ्यांची नेमकी तुटलेली. ते खुर्चीत आडवे होत म्हणाले, "सूनबाई, लक्ष असू दे गं. दोघंही फार खूश दिसतायत."

नवऱ्याने भूल दिली आणि कॅप चढावी म्हणून भाजी चिरावी तशी भराभर दाढ घासून बारीक केली. टायवाल्याने पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला. स्क्रीनवर दाढ उमटली, भोपळ्याएवढी! कॅप जिथे टेकायची, ती कड उंदरांनी कुरतडल्यासारखी.

टायवाल्याची टकळी पहिल्यांदाच थांबली. "सर... मशीनला कड सापडत नाहीये. जरा परत घासता?"

"कॅमेऱ्यात दोष असेल."

"कॅमेरा आज आला," बाई म्हणाल्या. "कॅपा वर्षानुवर्षं डुगडुगतायत."

सासऱ्यांनी मान वळवून स्क्रीन बघितला. बधिर ओठांनी त्यांनी मुलाला विचारलं, "हे थू केलंफ?"

नवऱ्याने मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. कान मात्र लाल झाले. बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. "घे. आता हळू. आणि बघत बघत."

या वेळी त्याने निगुतीने घासली. मशीनने चिनीमातीसारखा ठोकळा घरघरत कोरला, भट्टीत भाजला. कॅप दाढेवर अलगद बसली.

"बघितलंस?" नवरा उसळला. "लॅब हवीय कशाला?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. घोडं नीट चाललं, श्रेय लगामाला!

"अरे, कॅप बसली कारण आज तू दाढ दाढेसारखी घासलीस. हेच माप लॅबवाल्याला दिलं असतंस, तर त्यानेही अशीच दिली असती." मग त्या टायवाल्याकडे वळल्या. "हे कोरणारं धूड परत न्या. कॅमेरा तेवढा ठेवा. त्याने घेतलेली मापं आम्ही लॅबला पाठवू."

"पण मॅडम, खरी जादू तर कोरण्यातच..."

"जादू आम्हाला नकोय. आरसा हवा होता, तो मिळाला."

टायवाला मशीनवर कापड घालू लागला. नवऱ्याने हातमोजे ओढून कचऱ्यात फेकले. "बाबांसमोर बोलायची काय गरज होती?"

"बाबांच्याच तोंडात काम करत होतास," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.