आवळवाडी गैरहजर

दर मे महिन्यात मनकर्णाचे दोन मुक्काम ठरलेले. आधी सोनपिंपरीच्या शाळेत जुन्या दहावीच्या वर्गाचा मेळावा, आणि मग डोंगर चढून वर आवळवाडीला, मायकडं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ती सिस्टर होती. रजा मिळताना नाकी नऊ यायचे, पण ही रजा तिनं कधी सोडली नाही. डोंगरातल्या आवळवाडीतून खाली शाळेत येऊन दहावी पास झालेली ती पहिली पोरगी. यंदा तर मेळाव्यात तिचाच सत्कार होता. पिशवीत नवं नारंगी काठाचं लुगडं होतं, मायसाठी घेतलेलं.

फाट्यावर एसटीतून उतरली, तर समोर तिची माय, जाईबाई उभी. हातात चांदीचा कासरा. चांदी म्हणजे जाईबाईची गाय, गाभण, चालताना धापा टाकणारी. तिच्या मागं बाभळीच्या फाटक्या सावलीत अख्ख्या आवळवाडीची जनावरं उभी, हाडं मोजून घ्यावीत अशी.

"माय? तू हितं कशी? चांदी छावणीत होती ना?"

"होती की." जाईबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आता वर न्यायची. जरा ऊन कलू दे, मग घाट चढतो."

आता ऐका. ते सोळा सालचं दुष्काळाचं वर्ष. वर आवळवाडीत चाऱ्याची काडी नव्हती, आणि पाण्याचा टँकर आला तर आला. खाली सोनपिंपरीत सोसायटीनं शाळेच्या मैदानावर जनावरांची छावणी उघडली होती. सरकारचा चारा, सरकारचं पाणी, आणि मिरवायला सोसायटीचे चेअरमन भगवानराव. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! पण खोटं कशाला बोला, त्या छावणीनंच माणसांचा जीव टांगणीवरून खाली आणला होता. जाईबाई फाल्गुनापासून चांदीशेजारी पटकूर टाकून मैदानावरच राहत होती.

"वर न्यायची? वर काय खाणार ती? धोंडे?"

"दोन दिसाचा तर प्रश्न हाय. तुमचा मेळावा हाय न्हवं? पुण्या-मुंबईचे लोक येनार, मांडव टाकायचा, मग शेणामुतात कसं बसवायचं? भगवानराव म्हनले, आवळवाडीवाल्यांनी तेवढी जनावरं काढा. मीच आधी बिल्ला काढून दिला." आणि मग ती माऊली हसली. "म्हनलं, माझ्याच लेकीचा सत्कार हाय. मी न्हाई द्यायचा तर कोन देनार? मी दिला तसं मग समद्यांनी दिलं."

मनकर्णानं चांदीचा मोकळा गळा बघितला. छावणीत प्रत्येक जनावराच्या गळ्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला असायचा. बिल्ला आहे तर चारा आहे. बिल्ला जमा केला की जनावर गेलं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ज्या मायनं आयुष्यभर लेकीसाठी दिलंच दिलं, तिचा हात बिल्ला देताना थांबेल कसा?

"माय, ही गाय घाट चढंल का? तूच सांग."

जाईबाईनं चांदीच्या पाठीवरून हात फिरवला. शेजारी उकिडवे बसलेले शहादेवकाका, आवळवाडीचेच, हळूच म्हणाले, "पहिल्या वळनावर बसंल ती. पन कोन बोलनार पोरी? उद्या समद्याचाच चारा तोडला तर?"

"मी बोलते."

"नगं गं बाई!" जाईबाईनं तिचा हात धरला. "आज तुझ्या अंगावर शाल पडनार. आपल्या सात पिढ्यात कुनाच्या अंगावर पडली? आज गप ऱ्हा. गाईचं काय, जगंल न्हाई तर मरंल."

फाल्गुनापासून पटकूर टाकून गाईपाशी झोपणारी बाई म्हणते, मरंल! मनकर्णानं हात सोडवला आणि शाळेचा रस्ता धरला. शाळा काय, तिथून हाकेच्या अंतरावर.

मैदानाच्या एका अंगाला छावणी होती तशीच होती. सोनपिंपरीकरांच्या जर्सी गाया, बैलजोड्या निवांत रवंथ करत होत्या. दुसऱ्या अंगाला, लिंबाच्या सावलीत, जिथं काल आवळवाडीची जनावरं होती, तिथं मांडव, लाल गालिचा, प्लॅस्टिकच्या फुलांची कमान. म्हणजे शेणामुताचा वास फक्त डोंगरातल्याच जनावरांना येत होता म्हणायचा!

भगवानराव पांढऱ्या कपड्यात, गळ्यात सोन्याचा गोफ, मांडववाल्याला दम देत उभे. वर्गात हा मनकर्णाच्या मागच्या बाकावर बसायचा आणि गणितं तिच्या वहीवरून उतरवायचा.

"या या, सत्कारमूर्ती!"

"भगवान, आवळवाडीचे बिल्ले परत दे."

"अगं, आल्या आल्या काय हे? पाणी पी, सरबत घे. दोन दिवसांनी देऊ की. मी काय पळून चाललो का?"

"दोन दिवस वर काय खातील ती? आणि त्या बाजूची का नाही काढलीस?"

"त्यांचा वास तिकडं जातो, वारा तिकडचा आहे." भगवानराव हसले. मग आवाज उतरवला. "हे बघ मनकर्णा, तुझा मान ठेवतोय. वर्गात एवढे साहेब झाले, व्यापारी झाले, पण पहिला सत्कार तुझा. कावून खोडा घालतीस?"

"मला मान देतो, आणि माझ्या मायच्या गाईला हाकलतो. हा कसला मान रे?"

भगवानराव कमानीकडं वळले. छावणीची हजेरी घेणारा निवृत्ती टेबलाशी बसला होता, टेबलाखाली बिल्ल्यांचा डबा. तो वर न बघता पुटपुटला, "ताई, मी सांगितलं असं म्हनू नका. परवा बी मिळनार न्हाईत. तेलगावाकडून चेअरमनसाहेबांच्या सासुरवाडीची जनावरं येनार हायेत. टेम्पो ठरलाय. जागा पायजे होती, मेळाव्याचं निमित्त घावलं."

तिच्याच सत्काराचं झाकण, आणि झाकणाखाली हे शिजत होतं. डोकं असं तापलं की मांडवातले पंखे तिच्या एकटीवर लावले असते तरी निवलं नसतं. पण ती ओरडली नाही. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं आणि येऊन पुढच्या रांगेत बसली.

मेळावा भरला. पुण्याचा बिभीषण बायकोपोरांना घेऊन आला, आता मोठा बिल्डर. गेवराईची तारा, चकलांब्याला दिलेली छबू, सगळी मंडळी गळ्यात पडली. ढोल वाजला, पेढे फिरले. मांडवाच्या कडेला, कुंपणाच्या पलीकडं जाईबाई येऊन उभी राहिली. लेकीच्या अंगावर शाल पडताना बघायची होती ना! गाय कुणाकडं सोडवेना म्हणून कासरा हातातच.

मेळाव्याची सुरुवात दरवर्षी एकाच रीतीनं व्हायची. बद्रीनाथ गुरुजी, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत माइकपाशी यायचे आणि जुन्या वर्गाची हजेरी घ्यायचे, तोंडपाठ, मुलींची आधी. पोरं-पोरी आपापल्या पोरांसमोर उभी राहून "हजर गुरुजी" म्हणायची आणि हशा पिकायचा.

"तारा!"

"हजर गुरुजी!"

"मनकर्णा!"

मनकर्णा उभी राहिली. "गैरहजर, गुरुजी."

हशा झाला. गुरुजींनी चष्मा सारखा केला. "दिसतेस की गं समोर."

"मी दिसते गुरुजी, पण माझं नाव कटलंय. आवळवाडीची जनावरं आज ह्या मैदानावरनं काढली. माझा सत्कार करायचा म्हणून. तिथं वर पाणी नाही, चारा नाही. बिल्ले काढून घेतलेत, ते परत मिळणार नाहीत. आवळवाडी जिथं बसू शकत नाही, तिथं आवळवाडीची मनकर्णा हजर कशी?"

कुंपणापलीकडून जाईबाईचा आवाज आला, "खाली बस गं! शाल घे आदी!" दोघं-चौघं हसले, पण ते हसू तिथंच विरलं.

भगवानराव लगबगीनं माइककडं निघाले. "मित्रांनो, थोडासा गैरसमज..."

"बस खाली, भगवान," गुरुजी म्हणाले. "माझी हजेरी चालू आहे." आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. "छबू!"

छबू कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्गातही शेवटच्या बाकावर बसणारी. ती उठली, पदर सारखा केला. "गैरहजर, गुरुजी."

"गुरुजी, माझी हजेरी खोडा!" तारा ओरडली. "मी बी गैरहजर!"

मुली संपल्या. एक-दोघी खाली मान घालून "हजर" म्हणाल्या, त्यांची नावं सांगत बसत नाही. मग मुलं.

"बिभीषण!"

बिभीषण उभा राहिला, पण गुरुजींकडं नाही, भगवानरावांकडं तोंड करून. "आमच्यासाठी उठवली काय बे जनावरं? माझा बाप गोठ्यातच जन्मला आन गोठ्यातच मेला. मला शेणाचा वास कवापासून यायला लागला? मला इचारलं का तू?" मग गुरुजींकडं वळला. "गैरहजर!"

त्यानंतर नावं आली आणि गेली. गैरहजर, गैरहजर. कुणी हसत म्हणालं, कुणी दात ओठ खात. साऱ्या मांडवात माणसं ठासून भरलेली आणि वर्ग मात्र ओस पडत चाललेला. पुण्याची पोरं मोबाइल काढून हे सगळं टिपत होती. भगवानरावांना ते दिसत होतं.

"भगवान!"

भगवानराव उभे राहिले. गोफाशी हात गेला. हजर म्हणावं तर मुलांमधे एकटे, गैरहजर म्हणावं तर स्वतःच स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची. मग राजकारणी माणूस तो, घसा खाकरून म्हणाला, "आवळवाडीची जनावरं छावणी संपेपर्यंत इथंच राहतील. दुष्काळात आपण एकमेकांना नाही धरायचं तर कुणी?"

दोन-चार टाळ्या पडल्या.

"बिल्ले आधी," मनकर्णा म्हणाली. "टाळ्या मागून. आणि त्या तेलगावच्या टेम्पोला फोन करून सांग, यायचं नाही म्हणून. इथंच, आमच्यासमोर."

ते ऐकून भगवानरावांचा चेहरा पडला. टेम्पोचं तिला कळलंय, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी निवृत्तीला बोटानं खूण केली आणि खिशातून फोन काढून टेम्पोवाल्याला यायचं नाही म्हणून सांगितलं. निवृत्ती डबा घेऊन असा पळत आला, जसा सकाळपासून त्याचीच वाट बघत होता. फाट्याकडं निरोप गेला. शहादेवकाका जनावरं घेऊन मैदानाकडं निघाले.

मनकर्णानं डब्यातून चांदीचा बिल्ला शोधला आणि कुंपणापाशी गेली. मायचे डोळे लाल झालेले.

"शाल न्हाई घेतलीस."

"नाही घेतली."

"लई वाईट झालं." जाईबाईनं बिल्ला घेतला, चांदीच्या गळ्यात बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. मग नाक ओढून म्हणाली, "पन बोललीस चांगली. तुझा बाप असता तर येडा झाला असता."

तेवढ्यात भगवानरावांचा एक माणूस धावत आला. "बाई, गाय मागच्या अंगानं घ्या. नळाकडून. मांडवातून नको, गालिचा खराब होईल, पाहुणे बसलेत."

सकाळी सगळ्यात आधी बिल्ला काढून देणारी जाईबाई. आयुष्यभर "बरं साहेब" म्हणत आलेली बाई. तिनं त्या माणसाकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"मागून कावून?" ती म्हणाली. "माझी लेक ह्या शाळंत पुढल्या दारानं शिकली. माझी गाय बी पुढल्याच दारानं जाईल. सरक."

आणि कमानीखालून, लाल गालिच्यावरून, साहेब लोकांच्या खुर्च्यांमधून चांदी धापा टाकत आपल्या लिंबाकडं चालू लागली. जाईबाईनं कासरा जरासुद्धा ओढला नाही.