एक चहा लांब

दुरुस्तीवालीनं तिन्ही प्लॉटर, बोटीला पडद्यावर वाट दाखवणारी यंत्रं, टेबलावर ओळीनं मांडले. वायर जोडायच्या आधीच धाकट्यानं एकेक उचलून पाहिला, उलटा केला, खरबूज घेताना करावी तशी पाठीवर बोटानं टकटक केली.

"काका, टकटक करून यातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

"माणसाचंही कळत नाही, तरी डॉक्टर करतोच की."

ती हसली. पन्नाशीची बाई, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोटांवर चटक्यांचे जुने डाग. मागच्या फळ्यांवर बोटींच्या मेल्या-जगल्या वस्तू पडल्या होत्या: पंप, दिवे, दोरांची वेटोळी, एक बिनकाट्याचं होकायंत्र. आत शिरताना धाकट्याचा खांदा दाराशेजारच्या मांडणीला आपटला होता आणि त्यानं मांडणीलाच शिवी हासडली होती. मग तिच्याकडे बघून, "दार फार अरुंद केलंय तुम्ही," असं म्हणून वेळ मारून नेली होती. दार चांगलं ऐसपैस होतं.

त्याची साठी उलटून गेली होती, डोकं कापसासारखं झालं होतं, तरी त्याच्या धक्क्यावर त्याला सगळे धाकटाच म्हणत. एक थोरला भाऊ होता म्हणून हा धाकटा. पुढे दोघांचं बोलणं तुटलं, पण नाव काही सुटलं नाही.

आज तो बसनं मुद्दाम दुसऱ्या बंदरावरच्या या दुकानात आला होता. आपल्या धक्क्यावर खरेदी केली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि लोकांनी त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं असतं. एके काळी भर धक्क्यावर तो म्हणाला होता, "यंत्र बघून मासे मारण्यापेक्षा घरी बसून माश्या माराव्यात." लोकांना देणीघेणी आठवत नाहीत, अशी वाक्यं बरोबर आठवतात.

पण आता इलाज नव्हता. त्याला कडेचं दिसेनासं झालं होतं. समोरचं स्वच्छ दिसे, अगदी दोरीचा पीळसुद्धा. पण डावी-उजवीकडून अंधार आत सरकत चालला होता. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले होते. जे गेलं ते परत येत नाही. जे उरलंय ते थेंब घालून राखायचं. वडिलांचंही असंच झालं होतं. शेवटी शेवटी ते ताटातला घाससुद्धा चाचपून घेत.

आणि धाकट्याची सगळी विद्या कडेची. गिरणीचं धुराडं पाण्याच्या टाकीमागे लपलं, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताला टेकडीची खिंड उघडली, की बोट नेमकी कुठे आहे हे तो डोळे मिटून सांगे. आता एक खूण पाहीपर्यंत दुसरी निसटत होती. परवा भर उन्हात, वारा नसताना, त्याची बोट खडकाला घासली होती. कुणी विचारायच्या आत त्यानं ओरखड्यावर रंग फासला होता. हे ऐकायलाही कुणी नव्हतं म्हणा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दोन खुर्च्या होत्या, आणि दुसरीवर तो ओले कपडे वाळत घाली.

"हा मोठा घ्या," दुरुस्तीवालीनं पहिला सुरू केला. "पडद्याला नुसतं बोट लावायचं, की झालं."

"ओल्या हातानं?"

"पुसून घ्यायचा."

"समुद्रात हात पुसायला कोरडं काय मिळतं, ते तेवढं सांगा."

तिनं तो बंद केला. दुसऱ्याला बटणं होती, पण पडदा उन्हात धरला की नुसता आरसा होई. धाकट्याला त्यात आपलंच थोबाड दिसलं. तेवढं बघायला यंत्र कशाला, असं म्हणून त्यानं तोही सरकवला.

तिसरा जुना होता. कोपऱ्यात तडा, पण बटणं जाडजूड, हाताला लागणारी. पडदा उन्हातही वाचता येत होता. अँटेना, वायर, बसवायची पट्टी, सगळं सोबत होतं. धाकट्याला तो बघताक्षणी पटला, म्हणून त्यानं चेहरा आणखी आंबट केला.

"याचं काय बिघडलंय?"

"खरं सांगू? काही नाही." तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "पण हा एकदा गिऱ्हाईकाकडून परत आलाय. तुमच्या मासेमार लोकांची रीत मला ठाऊक आहे. बोट विकतील, जाळं विकतील, पण प्लॉटर विकताना त्यातल्या आपल्या मासळीच्या जागा आधी पुसतील. ज्याचा हा होता त्या काकांनी मला पुसू दिल्या नाहीत. म्हणाले, घेणाऱ्याला नको असतील तर तो पुसेल. बातमी फुटायचा अवकाश, एकजण पळतच आला. आयत्या जागा मिळाल्या ना! आठवडाभरात तोंड पाडून परत. म्हणे एकूण एक खूण खोटी. खडक दाखवतो तिथे चिखल, खड्डा दाखवतो तिथे सपाटी."

"मग यंत्र खोटं बोलतंय," धाकटा म्हणाला. त्याला मनातून बरं वाटलं. यंत्रं खोटी ठरली की त्याला अजूनही बरं वाटे.

"तेच तर. इथे लावलं की बरोबर हे दुकान दाखवतं. बघा ना तुम्ही."

तिनं दोन बटणं दाबली आणि पडदा त्याच्यासमोर धरला. निळ्या पाण्यावर खुणांचे ठिपके पसरले होते. प्रत्येकाशेजारी बारीक नाव. धाकट्यानं पडदा नाकाशी नेला.

म्हातारीचा दात. मामाचं पोट. सांडलेलं पीठ.

त्यानं पडदा टेबलावर टेकवला.

ही नावं छापील नकाशावर नव्हती. ती त्यानंच ठेवली होती, वडिलांच्या बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, पाय सोडून बसायच्या वयात. ओहोटीला एकटाच वर येणारा खडक म्हणजे म्हातारीचा दात. थोरला तेव्हा म्हणाला होता, असली नावं ठेवली तर मासे हसून पळतील. हे थोरल्याचं यंत्र होतं. ज्याच्यावरून सगळं तुटलं तेच. धाकट्यानं या यंत्राकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, मग ओळखणार कसा?

वडील गेल्यावर बरीच वर्षं दोघं भाऊ एकाच बोटीवर होते. थोरला सुकाणूवर, धाकटा नाळेवर खुणा बघत उभा. मग एका सकाळी थोरल्यानं हे यंत्र आणून सुकाणूशेजारी बसवलं आणि सहज म्हणाला, "आता तिथे उन्हात उभं राहायला नको. आत येऊन बस." धाकट्यानं त्यातलं 'नको' तेवढं ऐकलं. तो धक्क्यावर उतरला तो पुन्हा त्या बोटीवर चढला नाही. स्वतःची लहानशी बोट घेतली आणि दाताच्या मागच्या आडोशाला एकटा गळ टाकू लागला. थोरल्याची बोट रोज संध्याकाळी परतताना लांबून जाई. नवी मिजास दाखवायला येतो, असं म्हणून धाकटा तिच्याकडे पाठ करून बसे. नंतर थोरल्याचे गुडघे गेले, त्यानं बोट विकली आणि तो मुलाकडे, समुद्रापासून दूर राहायला गेला. ही बातमीही धाकट्याला तिसऱ्याच्याच तोंडून कळली होती.

"चुकलंय ना?" दुरुस्तीवालीनं विचारलं. "आणि गंमत बघा. खुणा माणूस घालतो, पण बोट फिरली ती वाट यंत्र आपोआप काढतं. या सगळ्या रेघा त्या काकांच्या. कुठल्याच खुणेवरून जात नाहीत. सगळीकडे खुणेच्या मावळतीला घोटाळल्यात. स्वतःच्याच खुणा सोडून माणूस शेजारी मासे मारतो का?"

धाकट्यानं रेघा पाहिल्या.

वडिलांचा एक नियम होता. चांगली जागा सापडली की तिथून बोट उगवतीकडे वळवायची, चहा ओतायचा, आणि पेला रिकामा होईल तिथली खूण लोकांना सांगायची. विचारणाऱ्याला नाही म्हणायचं नाही आणि आपलं द्यायचंही नाही. "जे आपलं, ते एक चहा लांब सांगावं," असं ते म्हणत. हे दोन मुलांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. थोरल्यानं यंत्रालासुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

धाकट्यानं दाताच्या खुणेपासून रेघांपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. पुन्हा मोजलं. फार होतं. थोरला चहा दोन घोटांत संपवी, उकळता. घशाला पत्रा मारलाय म्हणून त्याला सगळे चिडवत. फुंकर घालत, अर्धी दुपार पेला धरून बसणारा धाकटा होता. हे अंतर धाकट्याच्या चहाचं होतं.

"आणि ही एक बघा," दुरुस्तीवालीनं नखानं दाखवलं. "या खुणेवर तर तो आधीचा माणूस तीन वेळा गेला. नाव असं की वाटावं इथेच घबाड असणार. नुसतं पाणी, म्हणाला."

पडद्यावर लिहिलं होतं: धाकटा.

त्या खुणेपासून एक चहा मावळतीला, दाताच्या मागच्या आडोशात, त्याचीच जागा होती. तो इतकी वर्षं एकटा बसत आला होता ती. घरी परतणाऱ्या साऱ्या रेघा सरळ बंदराकडे यायच्या सोडून तिथपर्यंत वळत, अर्धगोल फिरत आणि मगच बंदराची वाट धरत. एकावर एक पडून त्या वळणाची रेघ जाड झाली होती.

"डिझेल जाळायची हौस, दुसरं काय," ती म्हणाली.

धाकट्यानं त्या जाड रेघेवर बोट ठेवलं. आपण त्या बोटीकडे किती संध्याकाळी पाठ केली असेल, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं. एकदा तरी हात वर करायचा होता. हात वर करायला काय लागतं?

"हाच द्या," तो शेवटी म्हणाला.

"पुसून देते. दोन बटणांचं काम."

"नको."

"अहो, पण खोट्या आहेत!"

"असू द्या."

तिनं खांदे उडवले, एक पुठ्ठ्याचं खोकं शोधलं, प्लॉटर जुन्या टॉवेलात गुंडाळून आत ठेवला. पैसे चुकते झाले. मग फोन हातात घेत ती म्हणाली, "त्या काकांना कळवून टाकते, नाहीतर राहून जातं. कुणी नेला तेवढं सांग, म्हणाले होते. मागच्या वेळी सांगितलं तर म्हणाले, तो परत येईल. आणि आला की हो! तुमचं काय नाव सांगू?"

धाकट्यानं खोकं काखेत मारलं. दाराकडे दोन पावलं टाकली. मग थांबला.

"नाव नको. म्हणावं, घेणारा म्हणाला, चहा फार सावकाश प्यायलात."

"काय?"

"एवढंच सांगा."

तिनं नंबर लावला. धाकटा निघून जाऊ शकला असता. बसची वेळही झाली होती. तो दारात, मांडणीपासून अंग राखून, उभा राहिला.

"हो काका, मी दुकानातून. गेला तुमचा प्लॉटर. नाही, खुणांसकट नेताहेत. नाव नाही सांगितलं. म्हणाले..." तिनं त्याच्याकडे बघून खात्री करून घेतली, "चहा फार सावकाश प्यायलात."

तिनं फोन कानापासून काढून पाहिला, पुन्हा लावला. "काका? आहात ना?"

मग ती बराच वेळ ऐकत राहिली. चष्मा तिनं काढून टेबलावर ठेवला.

"ते विचारताहेत," ती हळू आवाजात म्हणाली, "घेणाऱ्याचे डोळे कसे आहेत?"

हे त्यानं डॉक्टरखेरीज कुणालाही कळू दिलं नव्हतं. पण वडिलांचे डोळे जाताना थोरल्यानंही पाहिले होते. बाहेर रस्त्यावर बस येऊन थांबली, दार उघडलं, मिटलं, आणि ती निघून गेली.

धाकटा मागे फिरला. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला. तिनं फोन केव्हाचाच धरला होता, पण जरा कडेला. त्याचा हात हवेतच चाचपडला. दुरुस्तीवालीनं तो धरला आणि फोन त्यात ठेवला.