क्रूसांनी भरलेला नकाशा

गावच्या दफनभूमीचा हाताने वाचायचा नकाशा लेस्टरने पहिल्यांदा केला, तेव्हा त्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. म्हणूनच तो चांगला होता. फाटक, बोटाला लागणारी वाटेची एक उंच रेघ, विहिरीचा गोल आणि कबरींच्या ओळी. पॉलिनला जन्मापासून दिसत नव्हतं. बँकेत नोकरी करणाऱ्या या बाईला आईच्या कबरीवर एकदा तरी कुणाचा हात न धरता जायचं होतं. तिने नकाशावर बोटं फिरवली.

"विहिरीपाशी डावीकडे, शेवटच्या ओळीतली पहिली. लेस्टर, या मृतांच्या दिवशी मी एकटी जाणार!"

मग नकाशा चर्चच्या दफनभूमी समितीपुढे गेला. समितीत सगळेच डोळस, त्यामुळे न दिसणाऱ्यांना काय हवं ते त्यांना फार स्पष्ट दिसत होतं.

"आमचे आजोबा कुठायत यात?" अध्यक्ष प्लासिड अंकलनी विचारलं. "विहीर दाखवलीस! तिने गावासाठी काय केलं?"

बोटांना गर्दी वाचता येत नाही, हे लेस्टरने परोपरीने सांगितलं. अंकलनी समजूतदारपणे मान हलवली आणि आजोबांच्या कबरीसाठी बोटाला लागेल असा उंच क्रूस मागितला. एकाला दिल्यावर ग्लोरिया आंटीच्या सासूबाईंना नाही म्हणायची कुणाची छाती होती? मेलेली माणसं रुसत नाहीत, त्यांचे नातेवाईक मात्र चर्चमध्ये मिस्साला शेजारी बसायचं सोडतात. लेस्टर क्रूस लावत गेला. जागा पुरेना, तेव्हा त्याने वाटेची रेघ काढून टाकली. ती काही कुणाची नातेवाईक नव्हती.

मृतांच्या दिवशी सगळं गाव आपापल्या कबरींवर फुलं घेऊन आलं, तेव्हा फादरांनी फाटकाशी लावलेल्या नकाशावर पवित्र पाणी शिंपडलं. जो तो आपला क्रूस शोधून फोटो काढू लागला. पॉलिनने फुलं सावरत बोटं टेकवली.

"किसणी केलीस रे," ती हळूच म्हणाली. "वाट कुठाय?"

लेस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाट कशाला? आम्ही आहोत ना!" प्लासिड अंकलनी तिचा हात धरला आणि समितीची कामं सांगत तिला आत नेलं. "ही बघ तुझी आई."

पॉलिनने वाकून दगडावरची अक्षरं चाचपली.

"अंकल, हे तुमचे आजोबा. मला फाटकाशी सोडा."

फाटकापासून ती पहिला नकाशा आठवत निघाली. विहिरीच्या कठड्याला काठी लागली, तशी डावीकडे वळली. शेवटच्या ओळीत थांबली, दगड चाचपला आणि आईपाशी फुलं ठेवून रडली.

"बघा, नकाशाचा केवढा उपयोग झाला!" प्लासिड अंकल ओरडले. टाळ्या झाल्या. समितीने लेस्टरला शाल दिली, आणि त्याने मान खाली घालून ती घेतली.