क्रांती परत का चढली

क्रांती माझी सून. उजवा पाय गुडघ्याखाली गेला तिचा, रेल्वेखाली. शिबिरात फुकट मिळालेला पाय तिला चावतो, संध्याकाळी पट्टी सोडली की रक्त. रेल्वेकडनं भरपाई मिळाली तर चांगला पाय बसणार होता. साक्षीदार मी एकटीच. म्हणजे तिचं चालणं माझ्या जिभेवर आलेलं, आणि माझी जीभ कशी हाय ते सगळ्या गल्लीला ठाऊक.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भरपाईचे दावे मिळवून देणाऱ्या एका एजंटानं माझ्या लेकाला, उदयसिंहाला, शिकवून ठेवलं होतं. "गाडीला हिसका बसला आन् बाई पडली, एवढंच म्हणायचं. चालत्या गाडीत चढली म्हणालासा की दावा बुडाला." लेकानं वकील अवंतिकाबाईंनाही तेच सांगितलं. ही वकील आम्हाला सरकारी मदतीतनं फुकट मिळालेली. फुकटची म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं, पण पोरगी कामाची निघाली. तिनं बिचारीनं ऐकलं तसं माझ्या साक्षीच्या कागदावर लिहिलं आणि खाली मी सही ठोकली.

तारखेला मुंबईला कोर्टात गेलो ते एसटीनं. क्रांती आता रेल्वेत पाय ठेवत नाही.

रेल्वेचा वकील गोड बोलत उठला. "आजी, हिसका बसला तेव्हा दारात आणखी माणसं होती?"

"हुती की."

"ती पडली नाहीत. तुमची सूनच कशी पडली? लक्ष नव्हतं तिचं. धांदरट बाई, दुसरं काय!"

मागं बाकावर क्रांती मान खाली घालून बसलेली. माझं डोकं फिरलं.

"धांदरट कुणाला म्हणतोस रे? तुझ्या घरात म्हातारी हाय का न्हाय? मिरजेला माझं गुडघं दावून येत हुतो आम्ही. आमचं स्टेशन आलं. ही पिशव्या घेऊन खाली उतरली. मला उठायलाच येईना. गाडी सुटली. ही फलाटावर हुती, धडधाकट, दोन पायांवर. पिशव्या टाकल्या आन् मला न्यायला पुन्हा चढाय लागली. पाय सटकला. हिसका न्हाय आन् फिसका न्हाय!"

अवंतिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. उदयसिंहाचा चेहरा राखेसारखा झाला. जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "मग सही कशावर केलीत, आजी?"

"खोट्यावर. भ्यालो साहेब."

त्यांनी क्रांतीला बोलावलं. ती काखेत कुबडी धरून उठली. "का चढलात परत?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्ती आत एकट्या हुत्या."

अवंतिकाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, मलाही हे आत्ताच कळतंय. पण चढताना पडली तरी कायद्यात तो अपघातच. तिकिटं रेकॉर्डवर आहेत." रेल्वेचा वकील त्या खोट्या कागदावर बोट आपटत राहिला. साहेबांनी आम्हाला चांगलंच झापलं आणि निकाल पुढं ढकलला.

बाहेर जिन्यात उदयसिंह माझ्यावर धावून आला. "आई, घालवलंस सगळं! जरा गप बसली असतीस तर?"

मी उत्तर द्यायच्या आत क्रांतीच बोलली. "अहो, त्यांनी सांगितलं नसतं तर म्या सांगितलं असतं. रोज रात्री ते खोटं पाठ करून करून माझा मलाच इसर पडाय लागलाय, म्या का चढलो ते."

तो पिशव्या उचलून पुढं झाला.

निकाल लागला तेव्हा ऊसतोड संपली होती. दावा मंजूर, असं अवंतिकाबाईंनी फोनवर सांगितलं. वर निकालातली एक ओळ वाचून दाखवली. अर्जदार महिला सासूला सुखरूप उतरवण्यासाठी पुन्हा गाडीत चढत होती.

पाय कापला तेव्हा क्रांती रडली नव्हती. ही ओळ ऐकून चुलीपुढं भुईवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. गप बस, असं मी तिला म्हटलं नाही. भाकरी करपत होती, ती तेवढी उलटली.